श्वान-छायाचित्रणाची तळेगाव पद्धत

कुत्र्यांचे फोटो काढून पोट भरू पाहणाऱ्याने सर्वप्रथम तळेगाव नक्की करावे. पुणे जिल्ह्यात ती दोन आहेत. दाभाड्यांचे मावळात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. ढमढेऱ्यांचे शिरूर तालुक्यात, वेळ नदीच्या काठी, शिक्रापूरला लागून. चुकीच्या तळेगावात उतरलेल्या छायाचित्रकारासाठी चाकणवरून शिक्रापूरला येणारा रस्ता आहे. कंटेनरच्या रांगेत उभे राहून सकाळचा कोवळा उजेड कसकसा पांढराफटक होत जातो, याचा तिथे सविस्तर अभ्यास करता येतो. हा अभ्यासक्रमाचा पहिला भाग समजावा.

दुसरा भाग यजमानाची ओळख करून घेण्याचा. या विषयावरची बहुतेक मार्गदर्शने असे गृहीत धरतात की कुत्रा हा रिकामटेकडा, लाडावलेला आणि हिरवळीवर लोळणारा प्राणी आहे. ढमढेऱ्यांच्या तळेगावापासून खाली दौंडपर्यंतच्या पट्ट्यात हे गृहीतक बांधावरच गळून पडते. इथला कुत्रा नोकरदार आहे. गोठा, खळे, कांद्याची चाळ, पोल्ट्री, विहिरीवरची मोटार, यांपैकी कशाची ना कशाची जबाबदारी त्याच्यावर असते आणि ती रात्रपाळीची असते. छायाचित्रणाच्या शास्त्रात सूर्योदयानंतरचा तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तास हे दोनच पवित्र मानले आहेत. पहिल्या तासाला कुत्रा पाळी संपवून झोपायला निघालेला असतो, दुसऱ्याला हजेरी लावायच्या तयारीत. मधल्या वेळात, म्हणजे डोक्यावर ऊन असताना, तो ट्रॉलीखाली आडवा सापडतो. व्यावसायिकाने व्यावसायिकाचा वेळ मागून घ्यावा, हुसकावून घेऊ नये.

यातला सर्वांत ज्येष्ठ अधिकारी धनगराच्या वाड्यावर भेटतो. पाऊस ओसरला की मेंढ्यांचे कळप वाटेला लागतात, शेतकरी खतासाठी शेतात मेंढरे बसवून घेतात, आणि घोडी, बिऱ्हाड, कोंबड्या, करडे असा सगळा संसार वाघरीच्या आडोशाला उतरतो. कुत्रा या संसाराच्या कडेला बसलेला असतो. त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा दिसला तर ‘किती रांगडी स्टाईल!’ असे उद्गार काढू नयेत. तो पट्टा नरडे वाचवण्यासाठी आहे.

कारण या भागात कुत्र्यात रस असलेला छायाचित्रकार हा एकटाच नाही. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला आणि २०१४ साली निष्कर्ष छापले. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावठाणातल्या जनावरांचा होता, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि इथल्या उसातही बिबट्या नांदतो, पिल्ले वाढवतो. तेव्हा ‘मावळतीचा सोनेरी प्रकाश, मागे डोलणारा ऊस, पुढे बसलेला श्वान’ ही चौकट कागदावर कितीही सुंदर असली तरी ती तिसऱ्याच कोणाच्या तरी जेवणाच्या ताटासारखी मांडलेली असते. २०२५ च्या शेवटी शिरूरच्याच पिंपरखेडमध्ये माणसांचे बळी गेले आणि शेतावर जाणारी माणसे स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली. इथे थट्टा थांबते. सूर्यास्तानंतर उसाच्या कडेला जमिनीवर ओणवे होऊन फोटो काढू नये, बस्स.

बाकी ओणवे व्हावेच लागते. कुत्र्याचा फोटो कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा, हा नियम जगभर एकच आहे. उभ्याने काढलेल्या फोटोत डोके मोठे, पाय खुंटलेले आणि नजर भीक मागणारी येते. फरक पडतो तो जमिनीचा. हिरवळीऐवजी इथे सराटे, कुसळे, काँग्रेस गवत आणि नुकतेच शेण पडलेली जागा असते. जाड सतरंजी न्यावी. शक्यतो ती सतरंजी कुत्र्याला आवडणार नाही अशी असावी, नाहीतर दोन मिनिटांत त्यावर तो असतो आणि छायाचित्रकार सराट्यांवर.

आता हाक. गावात कुत्र्याला बोलावतात ‘यू यू’ करून, हाकलतात ‘हाड’ म्हणून आणि अंगावर सोडतात ‘छू’ म्हणून. शहरातून आलेल्याने उत्साहाच्या भरात तिसरा शब्द उच्चारू नये, विशेषतः सहायक पुढे उभा असताना. नाव विचारून घ्यावे, पण त्यावर विसंबू नये: एकाच वस्तीत तीन मोत्या आणि दोन टायगर निघतात आणि हाक मारली की पाचही येतात. १९२८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला आणि २०२३ मध्ये वारलेला एलियट अर्विट हा कुत्र्यांच्या फोटोंचा उस्ताद, कुत्र्याने दचकून पाहावे म्हणून स्वतः भुंकत असे. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर ते खपून गेले. वेळ नदीच्या काठावर एकदा भुंकले की अलीकडची वस्ती उत्तर देते, मग पलीकडची, मग त्याच्या पुढची, आणि हे अधिवेशन संपेपर्यंत प्रकाश गेलेला असतो. अर्विटचा १९७४ चा गाजलेला फोटो मात्र तोंडपाठ असावा: टोपी घातलेले इवलेसे चिवावा, शेजारी बाईचे बूट आणि त्याच्या शेजारी ग्रेट डेनचे पुढचे दोन पाय. काढला होता बुटांच्या जाहिरातीसाठी. पोटापाण्याच्या कामातूनही काय निघू शकते, याचा याहून नेमका पुरावा मिळणे कठीण.

नजर वेधण्यासाठी लाल चेंडू नेणारे पुष्कळ भेटतात. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. संशोधक जे नाइट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हे तपासून दाखवले. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, हिरव्या गवतातला लाल चेंडू मात्र जवळजवळ गवताच्याच रंगाचा होतो. म्हणजे खंडोबाच्या कुत्र्याला जेजुरीचा भंडारा लख्ख दिसत असणार, यात शंका नको. (सलग दोन ओळी शास्त्र वाचल्यावर श्रद्धेला एवढी सूट द्यावी.) चंपाषष्ठीच्या दिवशी मात्र बुकिंग घेऊ नये. भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला वाटा कुत्र्यालाही घालतात, पोट टम्म असते, आणि छायाचित्रकाराच्या हातातल्या बिस्किटाकडे पाहून तो तोंड फिरवतो. जाता जाता: भरतातला कांदा कुत्र्याला बाधतो, हे मालकाच्या कानावर घालायला हरकत नाही, वहिनींच्या कानावर घालताना शब्द जपून वापरावेत.

लाच म्हणून ग्लुकोज बिस्किटाचा पुडा चालतो, पण चुरचुर आवाज करणारा पुडा एकच न्यावा आणि तो शेवटी काढावा. पुड्याच्या आवाजाने कान उभे राहतात ते पहिल्या दोन-तीन वेळाच. चौथ्या वेळी कुत्र्याला समोरच्याचा अंदाज आलेला असतो. वारंवार जांभई, ओठ चाटणे, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत कडेने पाहणे, ही कंटाळ्याची नव्हे, दडपणाची चिन्हे आहेत. भिंगाचा मोठा काळा डोळा रोखून पाहतोय, हे त्याला अजिबात आवडत नाही. कॅमेरा खाली ठेवावा आणि मालकाशी कांद्याच्या भावाबद्दल बोलावे.

काळा कुत्रा ही या धंद्यातली खरी परीक्षा. कॅमेऱ्याचे मीटर जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे मानून चालते. काळ्याकुट्ट शेरूला ते उजळवून राखाडी करते आणि पांढऱ्याशुभ्र मोत्याला मळकट. म्हणून काळ्यासाठी एक्स्पोजर थोडे कमी, पांढऱ्यासाठी थोडे जास्त. ढगाळ दिवस काळ्या कुत्र्याला मानवतो. २०१९ पासून सोनीच्या आणि पुढे इतरांच्या कॅमेऱ्यांत जनावराचा डोळा आपोआप पकडण्याची सोय आली. डोळ्यांवर झुलपे आलेल्या लाडक्या जातींपुढे ती गोंधळते, पण गावठी कुत्र्याच्या स्वच्छ चेहऱ्यावर चोख चालते. देशी कुत्र्याची ही बाजू जाहिरातदारांच्या अजून ध्यानात आलेली नाही.

पळणाऱ्याची गोष्ट वेगळी. कारवान किंवा मुधोळ पाळणारे शौकीन या पट्ट्यात भेटतात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी जोपासलेल्या या कुत्र्याला टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर बसवले. बसवले हेच नवल, कारण तो बसत नाही. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा मंद ठेवू नये, दोन हजारावा असेल तर उत्तम. मालक ‘थांबा, ससा उठवतो’ म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि फोटोइतका स्वच्छ पुरावा पोलिसांना दुसरा मिळणार नाही. दोरीला बांधलेले फडके मोटारसायकलमागे ओढले तरी तो तितक्याच निष्ठेने धावतो.

शेवटी माणसे. कुत्रा तयार, प्रकाश तयार, आणि चौकटीत एक हात येतो. तो मालकाच्या मेहुण्याचा असतो. मग मेहुणा, त्याचा गॉगल, धाकट्याची नवी बुलेट, आणि ‘आजीला पण घ्या की’. हरकत घेऊ नये. आजी बसली की कुत्रा तिच्या पायाशी आपोआप येऊन बसतो, आणि ज्यासाठी दोन तास बिस्किटे मोडली तो फोटो पहिल्या क्लिकला मिळतो. भाकरी कोण टाकते हे त्याला ठाऊक असते.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, नाहीतर केसन्‌केस टिपलेला शेरू घोंगडीचा तुकडा होऊन पोहोचतो. फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छांसह मालकाचे नाव कुत्र्याच्या नावापेक्षा मोठे छापले जाईल, त्याला इलाज नाही. पैशांऐवजी गुळाची ढेप पुढे आली तर घ्यावी, दौंडकडच्या गुऱ्हाळातली असेल तर आनंदाने घ्यावी. मात्र बिल फाडूनच.

आणि निघताना कोणीतरी विचारतेच, ‘आमच्या बैलाचा काढता का?’ त्यासाठी वेगळे दरपत्रक जवळ असू द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून घाटात पळणाऱ्या बैलाचा मान कुत्र्याच्या फार वर आहे. इकडे पोळा श्रावणात नाही, भाद्रपदात येतो. त्या अमावास्येला कॅमेरा, दोन बॅटऱ्या आणि तीच सतरंजी घेऊन यावे, पण सतरंजी अंथरू नये. बैलाचा फोटो उभ्यानेच काढतात, आणि बऱ्यापैकी लांबून.