घरबसल्या लॅब : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

लॅब पवईला असो, माटुंग्याला असो की कलिन्याला, खारघरकरांना ती लांबच. त्यात रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक. तेव्हा लॅबमधल्या संगणकावर घरूनच काम करण्याची विद्या शिकून घ्यावी. ती सोपी आहे, असे ज्यांना येते ते सांगतात.

आधी लॅबच्या मशीनचा आयपी पत्ता मिळवा. तो 192.168 ने सुरू होत असेल तर हुरळून जाऊ नका. हे खासगी पत्ते. समोरच्या विंगमधल्या काकूंच्या टीव्हीचाही तोच असू शकतो. तिथवर पोचायला संस्थेच्या व्हीपीएनमधून आत शिरावे लागते. व्हीपीएनसाठी अर्ज, अर्जावर विभागप्रमुखांची सही, आणि सहीसाठी स्वतः हजर राहणे आवश्यक. ही फेरी 'रिमोट'मध्ये धरत नाहीत.

आता टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणारी आज्ञा, लिहून पुढे आपले नाव आणि मशीनचा पत्ता द्या. एसएसएच 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू युल्योनेन यांनी लिहिले, कारण तिथल्या नेटवर्कवर कोणीतरी दबा धरून पासवर्ड टिपले होते. एसएसएचला स्वतःचा पोर्ट हवा होता. एफटीपीचा पोर्ट 21 आणि टेलनेटचा 23; मधला 22 रिकामा होता. त्यांनी तो मागितला आणि मिळाला. खारघरला दोन टॉवरांमधली जागा अशी मागून पाहा.

पहिल्यांदा जोडताना मशीन आपला ठसा दाखवून 'पुढे जायचे का' विचारते. नियमाप्रमाणे तो ठसा ताडून पाहायचा असतो. आपण 'येस' लिहितो. नुसते 'वाय' चालत नाही. मग पासवर्ड. तो लिहिताना पडद्यावर काही उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून लॅपटॉप उचलून दुकानात धावू नका. निमूट लिहा आणि एंटर दाबा.

आत शिरताच टीमक्स सुरू करा. पावसात वीज गेली, राउटर बंद पडला, तर जोडणी तुटते आणि तिच्यासोबत रात्रभर चालवायचा प्रोग्रॅमही जातो. टीमक्समध्ये तो तिकडे चालू राहतो. शटडाउनची आज्ञा देण्याआधी मात्र आपण कोणत्या खिडकीत आहोत ते दोनदा पाहा. दूरचा संगणक बंद करणे फार सोपे असते.

इतके करूनही जोडणी होत नसेल तर पोर्ट, फायरवॉल यांना दोष देण्याआधी घड्याळ पाहा. संध्याकाळ झाली असेल तर लॅबचे मामा मेन स्विच पाडून, कुलूप लावून निघाले असतील. वेक ऑन लॅन नावाची सोय आहे. तिने झोपलेला संगणक नेटवर्कवरून हाक मारून उठवता येतो. पण हाक ऐकायला त्याच्या नेटवर्क कार्डाला वीज लागते, आणि वीज मामांच्या हातात.

म्हणून व्हीपीएनच्याही आधी मामांचा नंबर घ्या. दिवाळीचा डबा पोचवा. "मामा, खिडकीजवळचं मशीन तेवढं चालू राहू द्या," एवढी आज्ञा पाठ करा. वरच्या सगळ्या आज्ञा तिच्यावर चालतात. आणि मामा रजेवर असतील तर ओळखपत्र गळ्यात अडकवा आणि सरळ खारघर स्टेशन गाठा.