समतोल आहाराचे सर

शिंदखेडा घ्या नाहीतर दोंडाईचा, हायस्कूल म्हटलं की विज्ञानाचे असे एक सर असतातच. आहाराचा धडा आला की त्यांना चेव येतो. फळ्यावर रकाने आखले जातात: कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे. प्रथिनांखाली पनीर, सोयाबीन, मासे. मग हात झटकत ठरलेलं वाक्य, "लिहून घ्या रे, परीक्षेला येतं." 'क' जीवनसत्त्व नसलं तर स्कर्व्ही, 'अ' नसलं तर रातांधळेपणा, सरांना झोपेतून उठवून विचारा.

मधल्या सुट्टीत हेच सर भज्यांच्या गाडीवर. तळकट, खारट, अतिगोड पदार्थ शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम सूचनाफलकावर लावलाय तोही त्यांनीच. कोणी टोकलं तर शांतपणे म्हणतात, "गाडी एक्कावन्नाव्या मीटरवर आहे. मोजलंय मी."

पोषण आहाराची खिचडी आठवीपर्यंतच्या पोरांना. सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं, हा हिशेब सरांना तोंडपाठ. वाढण्याआधी शिक्षकानं चाखायची आणि चव रजिस्टरात नोंद करायची, हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. घास तोंडात घोळवतात, डोळे मिटतात, 'चव उत्तम' लिहून झोकदार सही ठोकतात. मग हळूच स्वयंपाकाच्या मावशींकडे सरकतात. "मावशी, आज लसूण करपला ना?" मावशी पदराआड हसतात. रजिस्टरात लसणाला रकाना नाही.

माझं म्हणणं एवढंच, की सरांना अन्नातलं जे खरोखर कळतं ते फळ्यावर कधी येतच नाही. बाजारात भरताचं वांगं कसं निवडतात ते बघा! आकारानं मोठं पण हाताला हलकं, म्हणजे बिया कमी. शेगडीवर भाजलेलं भरीत त्यांना चालत नाही, कपाशीच्या काड्याच लागतात. वर्षाची मिरची घ्यायला दोंडाईच्याला जातात तेव्हा तर व्यापारीही जरा सावरून बसतो. देठ मोडून वास घेतील, बी वाजवून बघतील, आणि भाव ऐकून असा चेहरा करतील की जणू निकाल शून्य टक्के लागलाय.

परवा नववीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, कळण्याची भाकरी कोणत्या रकान्यात?" सरांचा खडू थांबला. ज्वारी पहिल्या रकान्यात, उडीद दुसऱ्यात, आणि भाकरी मध्येच रेघेवर! "उद्या सांगतो," म्हणाले. रात्री पुस्तकं उपसली. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी, उडदात ते भरपूर. दोन्ही एकत्र दळली की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. सरांनी तेवढ्या रात्रीच गावी आईला फोन लावून हा शोध सांगितला. पलीकडून आवाज आला, "आते समजनं का तुले?"

सहामाहीच्या पेपरात प्रश्न आलाच: 'टीप लिहा – कळण्याची भाकरी (2 गुण)'. त्याच पोरीनं ज्वारी, उडीद, लायसिन, सोबत मिरचीचा ठेचा, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. सरांनी दीड दिला. अर्धा का कापला, म्हणून ती भांडायला गेली, तर म्हणाले, "ठेच्यावर तेल कोण घालणार?"