डिमांडकाका

चेन्नईतल्या मराठी घरात मुलगा दहावीला बसला की दोघांना नमस्कार घडतो. एक घरचा गणपती आणि दुसरे डिमांडकाका. गणपती सल्ला देत नाही, हा त्याचा मोठेपणा.

काकांचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदांवरच उरलंय. अंबत्तूरच्या एका कारखान्यात त्यांनी हयातभर पर्सोनेल खातं सांभाळलं आणि निवृत्तीनंतर एका कॉलेजच्या सल्लागार समितीवर ‘उद्योगांचे प्रतिनिधी’ म्हणून जाऊन बसले. तेव्हापासून समोर काहीही आलं तरी प्रश्न एकच: ‘‘याला आपल्या भागात डिमांड आहे का?’’ काकूंनी पडवळाची भाजी केली त्या दिवशीही हाच विचारला. काकूंनी वाढायचं थांबवलं.

काकांचं म्हणणं असं की, ज्या शिक्षणाला आसपास नोकरी आहे त्यालाच सरकारनं पैसा द्यावा. इतिहास तोंडपाठ. देशातलं पहिलं कम्युनिटी कॉलेज १९९५ साली पाँडिचेरीत निघालं, दुसरं पुढच्याच वर्षी मद्रासच्या आर्चडायोसिसनं इथं काढलं. शाळा सुटलेल्या पोरापोरींना थोडक्या काळात हाताला काम मिळेल इतकं शिकवायचं, गावातल्याच धंद्यात उमेदवारीला धाडायचं. ‘‘पाद्र्यांना जे तेव्हा कळलं ते यूजीसीच्या योजनेत यायला २०१३ उजाडलं!’’ हे सांगताना काकांचा आवाज चढतो, आणि खरं सांगायचं तर इथपर्यंत मला त्यांचं सगळं पटतं.

घोळ काकांच्या कॅलेंडरात आहे. डिमांड दिसली की आधी सर्व्हे. मग अहवाल. अहवालावर समिती, समितीचा अभ्यासक्रम, अभ्यासक्रमाला सेक्टर स्किल कौन्सिलची मान्यता, मान्यतेनंतर निधी, निधीतून यंत्रं आणि यंत्रं आली की ती शिकवणाऱ्याची जाहिरात. श्रीपेरुंबुदूरला नोकियाचे फोन २००६ पासून बनत होते. काकांनी घाई केली नाही. पुरती खातरजमा करून २०१३ साली ओळखीतली तीन पोरं मोबाईल जोडणीच्या कोर्सला बसवली. १ नोव्हेंबर २०१४ला तिथलं उत्पादन थांबलं. पुढे एका भाच्याला मोटारी जोडायला शिकवलं. सप्टेंबर २०२१मध्ये फोर्डनं मरैमलै नगरचा कारखाना आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. काका डगमगले नाहीत. ‘‘डिमांड बरोबर होती. पोरं उशिरा आली.’’ त्या तिघांतला एक आज वेळच्चेरीत फोन दुरुस्तीचं दुकान चालवतो, छान कमावतो. काका त्याला ‘प्लेसमेंट’मध्ये धरतात.

प्लेसमेंट हा त्यांचा हळवा कोपरा. काही सरकारी योजनांत प्रशिक्षण संस्थेला शेवटचा हप्ता मिळतो तो पोरगं नोकरीला लागल्यावर. त्यामुळे संस्थेचा माणूस पोराला आईहून जास्त फोन करतो: जेवलास का, सुपरवायझर ओरडतो का, निदान हे काही महिने सोडू नकोस रे बाबा! हप्ता जमा झाला की ही माया आटते.

मार्च २०२२मध्ये स्टॅलिन सरकारची कौशल्य-प्रशिक्षणाची ‘नान मुदल्वन’ योजना आली, पाठोपाठ टाटा टेक्नॉलॉजीजच्या भागीदारीत ७१ सरकारी आयटीआयमध्ये रोबो नि नवी यंत्रं आणायचं ठरलं, आणि काकांना पुन्हा पालवी फुटली. आता तर आधीपासून काम येणाऱ्यालाही परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देता येतं. काका फॉर्मांचा गठ्ठा घेऊन थेट साहुकारपेठेत गेले. तिथे विटा-खानापूरकडची गलाईवाली मंडळी भट्टीवर सोनं-चांदी गाळतात. धंदा चुलत्याकडून पुतण्याकडे. कॉलेज मध्ये कुठेच नाही. काकांनी अर्धा तास कौशल्याच्या पातळ्या समजावल्या. शेठनी मुशीवरची नजर न हलवता विचारलं, ‘‘सर्टिफिकीट किती ग्रॅमचं हाय?’’

गठ्ठा तसाच परत आला. पण काकांचा हिशेब थांबत नाही. मराठी वस्तीचा त्यांनी खाजगी सर्व्हे केला तेव्हा खरा तुटवडा निघाला एकाच हुद्द्याचा: मराठीत कथा सांगणारे गुरुजी. गणेशचतुर्थीला त्यांची तारीख मिळवणं डॉक्टरच्या अपॉइंटमेंटहून अवघड. कोर्स नाही, निधी नाही, तरी प्लेसमेंट शंभर टक्के. काका दोन रात्री झोपले नाहीत.

यंदा गुरुजी चौथं घर उरकून दुपारी दीडला काकांकडे पोचले. प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, आणि दक्षिणेच्या पाकिटाखालून काकांनी फॉर्म सरकवला. गुरुजींना पाचव्या घरी जायची घाई. त्यांनी उभ्याउभ्याच भरला. ‘सध्याचा मालक’ या रकान्यात लिहिलं ‘श्री गजानन’. काकांनी चष्मा लावला, ते खोडलं आणि वर बारीक अक्षरात ‘स्वयंरोजगार’ असं केलं.