सात बहिणी आणि चाळीस मिलिमीटरचा टायर

अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे. २००६ साली तिथल्या हौशी मंडळींनी डांबरी रस्ता सोडून खडीमातीच्या वाटांवरून सुमारे ३२० किलोमीटर सायकल हाणायची शर्यत सुरू केली. पुढे 'ग्रॅव्हल बायकिंग'चं खूळ जगभर पसरलं आणि २०२२ पासून त्याच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरू लागल्या. कंपन्यांनी त्यासाठी खास सायकली काढल्या. हँडल शर्यतीच्या सायकलीचं, टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद, ब्रेक डिस्कचे, ट्यूब नाहीच, आणि किंमत अशी की घरी सांगताना निम्मीच सांगावी.

या घडामोडींची खबर गोव्यातल्या पदेराला, म्हणजे पाववाल्याला, कुणी दिलेली नाही. तो पहाटे सायकलच्या मागे पावाची मोठी पाटी बांधतो, त्यावर प्लास्टिकचा कागद ओढतो आणि भोंगा वाजवत निघतो. चढ, चिखल, खडी, कुत्री आणि पाच पाव उधार मागणारं गिऱ्हाईक, सगळं एकाच गियरवर. परत आल्यावर किती किलोमीटर झाले याचा फोटो तो कुणाला पाठवत नाही.

मुंबईहून ग्रॅव्हल सायकल घेऊन येणारा प्रवासी मात्र अभ्यास करून येतो. अभ्यासात त्याला स्पेनमधलं रुइदेरा सापडलेलं असतं. ला मांचा भागात ग्वादियाना नदीच्या वरच्या खोऱ्यात पंधरा तळ्यांची ओळ आहे. वरच्या तळ्याचं पाणी चुन्याच्या नैसर्गिक बांधावरून खालच्यात, त्यातलं त्याच्या खालच्यात. १९७९ साली तिथे निसर्ग उद्यान झालं. त्याच्या कितीतरी आधी, १६१५ साली, सेर्व्हान्तेसने 'डॉन किहोते'च्या दुसऱ्या भागात या तळ्यांची जन्मकथा सांगून ठेवली होती. रुइदेरा नावाची बाई, तिच्या सात मुली आणि दोन भाच्या इतक्या रडल्या, की मर्लिन जादूगाराला कळवळा आला आणि त्याने त्यांची तळीच करून टाकली. पुढे मालकीचाही खुलासा आहे: सात मुली स्पेनच्या राजांच्या, दोन भाच्या एका धर्मसंघाच्या. म्हणजे तळ्यांचा सातबाराही कादंबरीतच उतरवून घेतलेला.

अशी एकमेकींना जोडलेली तळी गोव्यात कुठे, म्हणून आपला प्रवासी नकाशा उघडतो. २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेलं गोव्यातलं पहिलं पाणथळ ठिकाण, नंदा तळं, दूर दक्षिणेला कुडचड्याकडे. त्याने रजा टाकलेली असते पेडणे आणि डिचोलीसाठी. या दोन तालुक्यांत तळी आहेत, धरण आहे, कालवे आहेत. पण हे सगळं एका ओळीत काही बसत नाही. मग तो वाटेतल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारतो, आणि तिथे सफरीला खरी सुरुवात होते.

"पुता, खंय वता तूं?"

"मयेच्या तळ्यावर."

"सायकलीर? कदंब आसा मरे!"

कदंब म्हणजे सरकारी बस. ती असताना माणूस स्वतःच्या पायांनी का जातोय, हे तिला कळत नाही आणि त्याला सांगता येत नाही. पण मयेचं नाव निघाल्यावर ती जे सांगते ते त्याच्या कुठल्याच ॲपमध्ये नसतं. मयेची महामाया, शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय आणि मोरजीची मोरजाय या सख्ख्या बहिणी. पाचवी मिराबाय म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस सायबीण झाली. तिच्या चर्चमध्ये आजही हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही रांगेत उभे राहतात. एक दूर अंजदीव बेटाकडे गेली, एक पाताळात, असं सांगतात. शिवाय एक भाऊ, खेतोबा. रुइदेराच्या पोरी रडून तळी झाल्या. इथल्या बहिणींनी गावं वाटून घेतली आणि एकमेकींशी येणंजाणं ठेवलं. पेडण्याहून डिचोलीला जोडणारी ओळ हवी, तर तिचा नकाशा हा असा घरगुती आहे.

सफर सुरू होते हरमलला. तिथलं गोड्या पाण्याचं तळं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. एकीकडे खारं पाणी, मध्ये वाळूची पट्टी, दुसरीकडे डोंगराच्या कुशीत गोडं पाणी, आणि अंगाला पिवळी माती फासून बसलेले परदेशी पाहुणे. सायकलवाल्याची अडचण एवढीच की तिथे जायची वाट कड्याला बिलगून जाते. दुकानं, पायऱ्या आणि खडक यांच्यामधून चाळीस मिलिमीटरचा टायर खांद्यावरूनच न्यावा लागतो. तळ्याशी पोचल्यावर सायकल खाली ठेवून तो धापा टाकत उभा राहतो. चिखल फासलेली मंडळी त्याच्याकडे आदराने पाहतात. यानेही काहीतरी साधना चालवलेली दिसते!

तिथून मांद्रेमार्गे मोरजी. मोरजायला हात जोडून तो आत वळतो, आणि किनाऱ्यावरचे शॅक, स्कूटर भाड्याने देणारे, रशियन भाषेतल्या पाट्या हे सगळं दोन-तीन वळणांत मागे पडतं. पेडण्याचा आतला भाग म्हणजे काजूची झाडं, चिरेखाणी आणि कातळाचे सडे. पावसाळ्यात या सड्यांवर गवत आणि रानफुलं. नंतर उन्हात तापलेला काळा कातळ. त्यातलाच एक मोठा सडा मोपाचा. तिथल्या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. पेडण्याच्या माणसाला शतकानुशतकं बाहेरच्यांची सवय आहे. हा महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला. आता बाहेरचे आभाळातून येतात, आणि एखादा सायकलवरून. गुरं राखणारा पोरगा विमानाकडे मान वर करून बघत नाही. सायकल मात्र थांबवून तिचे गियर मोजतो.

पुढे पाण्याची खरी जोडणी भेटते, पण ती निसर्गाची नसून दोन सरकारांची आहे. तिळारी धरण महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात. प्रकल्प महाराष्ट्र आणि गोव्याचा सामाईक. तिथून निघालेले कालवे गोव्यात शिरून पेडणे, डिचोली, बार्देश या बाजूंना पाणी देतात. कालव्याच्या काठची कच्ची वाट म्हणजे ग्रॅव्हलवाल्याच्या मनातला स्वर्ग. सपाट, मोकळी, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला काजूबागा. वाट कधी या राज्यात, कधी त्या राज्यात. कुठल्या राज्यात आहोत हे त्याला मोबाइल सांगतो आणि दारूच्या दुकानांची संख्याही सांगते. कालवा अधूनमधून फुटतो, तेव्हा खाली गोव्यातल्या नळांना कोरड पडते आणि वर्तमानपत्रांत दोन्ही सरकारांची नावं एका वाक्यात येतात.

अशा आणीबाणीत मदतीला येतं ते डिचोली तालुक्यातलं आमठाण्याचं धरण. तिथलं पाणी सोडलं की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला आधार मिळतो. चहूबाजूंनी झाडी, मध्ये निवांत पाणी. घामाने भिजलेला सायकलवाला बूट काढायला लागतो तेवढ्यात काठावरचा कुणीतरी म्हणतो, "मानगें आसा हांगा. पूण तें कांय करिना." मानगें म्हणजे मगर. ती काही करत नाही, या आश्वासनावर विसंबून पाण्यात उतरणारा मुंबईकर अजून जन्माला यायचाय. तो काठावरूनच तोंडावर पाणी मारतो आणि बूट पुन्हा चढवतो.

मुळगाव आणि शिरगाव शेजारी, जशा त्यांच्या देवी. शिरगावला लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. हातात वेताची काठी घेतलेले, व्रत पाळणारे धोंड तळीत आंघोळ करतात आणि रात्री पेटलेल्या होमखणातून चालत जातात. एका कथेप्रमाणे लईराईने खेतोबाला विस्तव आणायला धाडलं, तो खेळत बसला, उशिरा आला, तेव्हा तिने रागाच्या भरात त्याला लाथ मारली. मग पश्चात्ताप म्हणून स्वतः निखाऱ्यांतून चालली. ही गोष्ट ऐकून सायकलवाला घड्याळ बघतो. मुक्कामी पोचायला त्यालाही चांगले दोन तास उशीर झालेला असतो.

याच पट्ट्यात माणसांनी खणलेली तळी आहेत. लोहखनिजाच्या खाणी खणता खणता समुद्रसपाटीच्याही खाली गेल्या. खाण चालू असताना पंप लावून पाणी उपसायचं. खाण थांबली की पावसाने खंदक भरायचे. २०१२ मध्ये आधी सरकारने, मग सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन परत थांबलं. डिचोलीतला खाणपट्टा लिलावात गेल्यावर कामाला पुन्हा सुरुवात झाली. मधल्या काळात खंदकांमध्ये साठलेलं पाणी निळंहिरवं, काठ तांबडे, दृश्य परदेशी कॅलेंडरात शोभेल असं. आत मात्र कुणाला सोडत नाहीत, आणि ते बरंच. पाताळात गेलेल्या बहिणीच्या घरापर्यंत खणून झालं असावं, असं वाटण्याइतके हे खड्डे खोल आहेत.

खनिजाच्या ट्रकांसाठी पडलेल्या जुन्या वाटा सायकलवाल्याला फार आवडतात. रुंद, कडक, बारीक खडीच्या. कॅन्ससमधले लोक हेवा करतील! फरक रंगाचा. तिथली धूळ पांढुरकी, डिचोलीची तांबडीलाल. ती टायरवर बसते, साखळीत शिरते, पाण्याच्या बाटलीत उतरते आणि भुवयांना मेंदीसारखी रंगवते. मुंबईहून निघताना निळीशार असलेली सायकल इथून पुढे निळी उरत नाही.

मयेचं तळं टेकड्यांच्या मधोमध. पर्यटन खात्याच्या बोटी, सहलीच्या शाळकरी रांगा, भेळेचे कागद. २०१९ मध्ये इथे ५५ मीटर उंचीवरून बंजी उडी मारायची सोय झाली. पायाला दोरी बांधून पैसे देऊन उलटं लटकणाऱ्यांना पाहिल्यावर आपल्या प्रवाशाला स्वतःचा छंद अचानक फार समजूतदार वाटू लागतो. चहावाल्याला तळ्याची माहिती विचारली, तर तो जमिनीची देतो. मये गावची बरीचशी जमीन पोर्तुगीज काळातल्या काउंटची. मुक्तीनंतर १९६४ च्या कायद्याने ती सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक आपल्याच घराच्या कागदासाठी झगडत राहिले. २०१४ मध्ये विधानसभेने मयेसाठी वेगळा कायदा केला. "मग आता कागद मिळाले?" असं सायकलवाला विचारतो. चहावाला साखर जास्त हवी का, असं उलट विचारतो.

शेवटचा टप्पा नार्वे. इथला सप्तकोटेश्वर मूळचा पलीकडच्या दिवाडी बेटावरचा, कदंब राजांचं दैवत. मूळ देऊळ पाडलं गेल्यावर देव नदी ओलांडून अलीकडे आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवाने केला तोच प्रवास सायकलवाला उलट्या दिशेने करतो, फेरीबोटीतून. बोटीवर गाड्यांच्या रांगेत त्याला जागा कुठली, यावर थोडी चर्चा होते. शेवटी माशांच्या टोपल्यांशेजारी सोय होते. दिवाडीचे बांध, मग दुसरी फेरी, जुनं गोवं, आणि करमळी. करमळीचं तळं हिवाळ्यात पक्ष्यांनी भरलेलं असतं, आणि त्याच्या अंगालाच कोकण रेल्वेचं स्टेशन. इथून मडगाव गाठायचं आणि मुंबईची गाडी धरायची.

सायकल सामानाच्या डब्यातून न्यायची तर तिची नोंद करावी लागते.

"कंपनी?" चिठ्ठी लिहिणारा विचारतो. तो सांगतो.

"रंग?"

"निळा."

चिठ्ठी लिहिणारा मान वर करतो, आधी सायकलीकडे बघतो, मग सायकलवाल्याकडे बघतो, आणि काही न बोलता चिठ्ठीवर लिहितो: तांबडा.