‘बारा व्होल्टला काय होतंय?’ म्हणणाऱ्या शेठना खुलं पत्र

शेठ,

बारामतीच्या बाजारपेठेत तुमच्या काउंटरपाशी मी उभा राहिलो, त्याला वर्ष होईल. होडीसाठी वायर पाहिजे, म्हणालो. तुम्ही वर न बघताच लाल-काळं बंडल पुढं सरकवलंत. “घ्या हो. घरात दोनशे तीस चालतंय, बारा व्होल्टला काय होतंय?” फ्यूज मागितला, तर “कशाला खर्च वाढवताय?” हेही तुम्हीच म्हणालात. गिऱ्हाइकाच्या पैशाची एवढी काळजी, आणि जिवाची?

काय होतंय ते सांगतो. परवा उजनी धरणाच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूला, रोहित पक्षी बघायला आलेली पाच माणसं माझ्या होडीत होती, त्यांत दोन पोरं. दिवस मावळलेला. पाणी उपसायचा पंप कण्हत होता, दिवा पणतीएवढा झालेला. मग फळीखालून जळका वास आला. हात घातला तर वायर मेणासारखी मऊ, बोटांना चिकटली. इंजिनाच्या थरथरीनं कडेला घासून आतल्या दोन्ही तारा एकमेकींना भिडल्या होत्या. हातभर अंतरावर पेट्रोलचा कॅन. बॅटरीचा चिमटा हिसकून काढला म्हणून निभावलं. पुढं टॉर्चच्या उजेडात काठ गाठला. धाकटी पोर आईचा पदर सोडत नव्हती.

घरी येऊन तुमची वायर चाकूनं सोलली. वर तांब्याचा रंग, खरवडलं की आत पांढरं ॲल्युमिनियम. शेठ, आपल्याकडं तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात. होडीला लागते ती वायर तशीच असते: बारीक बारीक तारांचा पीळ, प्रत्येक तार तांब्याची आणि वर कथलाचा हात. त्यामुळं ती ओलीत कळकत नाही, थरथरीत लवकर तुटत नाही. तुम्ही मला उलटी कल्हई विकलीत.

आणि ते दोनशे तीसचं गणित. साठ वॅटचा पंप घरातल्या लायनीवर पाव अँपिअरच्या आसपास ओढतो. तोच बारा व्होल्टवर पाच अँपिअर ओढतो. व्होल्ट कमी म्हणजे वायर जाड लागते, बारीक नव्हे. माझी बॅटरी पुढं, पंप मागं, मध्ये सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. पाऊण चौरस मिलिमीटरच्या खऱ्या तांब्यातसुद्धा एवढ्या वाटेत जवळजवळ दीड व्होल्ट गळतो. चार चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती पाव व्होल्टावर येते. तुमच्या ॲल्युमिनियमात किती गळत होतं, ते पंपाच्या कण्हण्यावरून कळलं. शॉक बारा व्होल्टला लागत नाही, खरंय. पण तारा भिडल्या की बॅटरी शेकड्यांनी अँपिअर ओतते, आणि बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज नसला तर आधी पेटते ती वायर.

21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळात उलटली आणि सहा माणसं गेली. त्यात वायरीचा काही दोष नव्हता, वारा होता. पण तेव्हापासून इंदापूरच्या काठावर होडीत पाय ठेवणारा माणूस आधी होडीवाल्याच्या तोंडाकडं बघतो. तो भरवसा आम्ही रोज कमावतो. पंप बंद पडला आणि दिवा विझला, तर वाऱ्यात आमच्या हातात राहतं काय?

आता कल्हईच्या तारांची चार चौरस मिलिमीटरची वायर टाकलीय, बॅटरीपाशी फ्यूज बसवलाय, जोड पिळून टेप न लावता थिंबल दाबून, वर रबरी नळी चढवून केलेत. वायर तळातल्या पाण्यापासून वर, कडेनं पट्ट्यांनी बांधलीय.

भिगवण, पळसदेव, कळाशीच्या होडीवाल्यांनो, आज फळी उचला आणि वायरीचं टोक चाकूनं खरवडून बघा. आणि शेठ, तुमचं उरलेलं अर्धं बंडल मी पिशवीत ठेवलंय. पैसे परत नकोत. तसली बंडलं होडीवाल्याला विकणं तेवढं थांबवा.