हरवलेला नट : शोध व उद्धार

इंजिनात पडणारी वस्तू कधीच मोठी नसते. पडतो तो नट, वायसर, नाहीतर सर्क्लिप. त्यातही चार सारख्या नटांपैकी पडतो तो शेवटचा, पहिले तीन वाटीत नीट ठेवून झाल्यावर. तो पडताक्षणी करायची पहिली कृती अशी : काहीही करू नये. हात असेल तिथे थांबवावा, तोंड मिटावं आणि ऐकावं.

कारण नट आपला पत्ता एकदाच सांगतो. टण्, टण् आणि मग फरशीवर खणखणीत टिंग आलं तर तुमची पूर्वपुण्याई मोठी. गाडीखाली आडवं होऊन शर्ट खराब करायचा, एवढंच काम उरलं. टण्, टण् आणि मग बसका टप् आला तर तो खालच्या प्लास्टिकच्या अंडरगार्डवर विसावला आहे, चार स्क्रू काढून गार्ड उतरवावा (ते स्क्रू वाटीत!). मात्र टण्, टण् झालं आणि तिसरा आवाज आलाच नाही, तबलजी ऐन समेआधी उठून गेल्यासारखं वाटलं, तर नट एखाद्या ब्रॅकेटच्या कपारीत बसलेला आहे आणि तूर्त त्याचा बाहेर यायचा विचार नाही.

इथे सोसायटीतले एक काका येतात. ते नेहमीच येतात. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीत म्हणे बोनेटखाली अशी ऐसपैस जागा होती, की सुटलेला नट थेट रस्त्यावर जायचा. काकांचं अगदीच खोटं नाही. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी दिल्लीत पहिल्या मारुती ८००ची किल्ली एका ग्राहकाच्या हाती दिली, आणि चिमुकल्या बोनेटखाली आडवं बसवलेलं ७९६ सीसीचं इंजिन मध्यमवर्गाच्या घरात आलं. गाडी आटोपशीर झाली. नटांना लपायला जागा झाली. काकांचं ऐकून घ्यावं, पण त्यांना टॉर्च धरायला देऊ नये. ते तो बोलतील त्या दिशेला धरतात.

आता इंजिन थंड होऊ द्यावं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. ही भित्रेपणाची गोष्ट नव्हे. पुष्कळ गाड्यांत रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, आणि शोधमोहिमेतली लोखंडी सळई एकाच वेळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला आणि गाडीच्या बॉडीला टेकली तर नटापेक्षा मोठा विषय सुरू होतो.

यानंतर चुंबक. बाजारात अँटेनासारखी लांब होणारी चुंबकी दांडी मिळते. तिचा स्वभाव प्रेमळ आहे : वाटेत येईल त्या प्रत्येक लोखंडाला ती मिठी मारते, फक्त तुमच्या नटाला सोडून. उपाय म्हणून दांडीवर प्लास्टिकची नळी चढवावी आणि टोक तेवढं उघडं ठेवावं. पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि बऱ्याच जातीचं स्टेनलेस स्टील चुंबकाला ओळखच देत नाही. तिथे काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून चिकटवून काढावं. या खटाटोपात दुसराच एखादा गंजलेला नट हाती लागेल. तो आधीच्या मालकाचा. जपून ठेवावा, पण त्यावर समाधान मानू नये.

एवढं सगळं नट इंजिनाच्या बाहेर असेल तर. स्पार्क प्लगच्या उघड्या भोकातून किंवा एअर फिल्टर काढलेल्या कार्बोरेटरच्या तोंडातून तो आत गेला असेल, तर विनोद संपला. ‘एक सेल्फ मारून बघ, आपोआप बाहेर येईल,’ असं कुणीतरी म्हणेलच. दहाच्या पान्याने फिरणारा नट साधारण पाच मिलिमीटर जाड असतो. पिस्टन वर आला की कडेला जागा उरते जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर. आयडलिंगलाही इंजिनाचे मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे होतात, म्हणजे सेकंदाला तेरा वेळा पिस्टन ही बेरीज करून बघणार. त्यात वाकतो तो वॉल्व्ह, आणि मग हेड उतरवावं लागतं. म्हणून चावी खिशात, आणि तो खिसाही दुसऱ्याचा. प्लगच्या भोकात बारीक कॅमेरा सोडून बघता येतं, व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी जोडून ओढूनही पाहता येतं.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक उघड्या तोंडावर स्वच्छ फडकं टाकावं आणि गोटी पान्यात चिमूटभर ग्रीस भरावं, म्हणजे नट सुटत नाही. हे अगदी वर सांगायला हवं होतं, पण नट पडायच्या आधी असलं मार्गदर्शन वाचतं कोण?

आतला नट निघाला नाहीच, तर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून टोचन करून गॅरेजला न्यावी. जाताना गेटवर कुणी विचारलं तर ‘बॅटरी’ एवढंच सांगावं. ते तसं खोटंही नाही, निगेटिव्ह तुम्हीच काढलेली आहे. मग कुणीतरी मोठ्या मनाने जंपर केबल घेऊन धावत येईल आणि ‘चावी द्या इकडे’ म्हणेल. देऊ नये.