अज्ञात इसमास अनावृत पत्र

रा. रा. अज्ञात इसम यांस,



आपला पत्ता ठाऊक नसल्यामुळे हे पत्र उघड्यावर टाकावं लागतंय. उघड्यावर टाकण्याची पद्धत आपल्याला नवी नाही, तेव्हा राग नसावा. नाव मात्र आम्ही वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. ‘नाल्यात घातक रसायन सोडल्याप्रकरणी अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल.’ आतल्या पानावर, खाली, कोपऱ्यात. इतकी वर्षं वर्तमानपत्रात नाव छापून येऊनही ज्याला प्रसिद्धीचा सोस नाही, असा माणूस या महाराष्ट्रात दुसरा दाखवा.

एक खुलासा आधीच करतो. कधीमधी टँकरचा ड्रायव्हर सापडतो आणि क्लीनर तर हमखास सापडतो. हे पत्र त्यांना नाही. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला, हे खरं. पण टँकर भरला कुणी? ज्यांच्या फाटकातून तो भरून बाहेर पडला, विल्हेवाटीचा दर बाजारापेक्षा निम्मा कसा हे ज्यांनी मुद्दाम विचारलं नाही, आणि जे त्या रात्री एसी लावून झोपले, ते आपण. ‘माल गेटबाहेर गेला, आमचा संबंध संपला’ हे आपलं वाक्यही आम्हाला पाठ आहे.

त्या मालाबद्दल थोडं बोलू. आपल्याकडे त्याला ‘स्पेंट अ‍ॅसिड’ म्हणतात. रंग, औषधं यांची कच्ची रसायनं बनवताना सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरून झालं की उरतं ते पातळ, काळपट, वर सेंद्रिय घाण मिसळलेलं पाणी. गॅल्व्हनायझिंगवाल्यांकडे लोखंडाचा गंज उतरवून थकलेलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड उरतं, पोटात विरघळलेलं लोखंड घेऊन. ‘स्पेंट’ म्हणजे दमलेलं, निवृत्त झालेलं, असा आपला समज दिसतो. तसं काही नसतं. ते आपल्या कामाचं उरलेलं नसतं, एवढंच. माणसाची कातडी, सिमेंटचा पाइप आणि माशाचे कल्ले यांच्यापुरतं ते अजून पुरेसं तरुण असतं.

आणि मग रात्रीचा तो कार्यक्रम. पावणेदोनचा सुमार, नाल्यावरचा अरुंद पूल, दिवे बंद केलेला टँकर, मागच्या व्हॉल्व्हला लावलेला जाड पाइप कठड्यावरून खाली सोडलेला. पावसाळा असेल तर फारच सोयीचं, कारण वाहून नेण्याचं काम पाऊस न मागता करतो. वीस-पंचवीस मिनिटांत टाकी रिकामी. खाली पिवळट फेस धरतो, पाण्यातून बुडबुडे येतात, आणि थोड्या वेळाने कुजक्या अंड्यांचा वास काठावरच्या चाळीत शिरतो. कुणाचं तरी पोर खोकत उठतं. आई खिडकी लावून घेते आणि गटार तुंबलं असेल म्हणून पुन्हा आडवी होते.

आपल्या वर्तुळात एक शास्त्र रूढ आहे: पाण्यात गेलं की पातळ होतं. शास्त्र बरोबर आहे, हिशेब तेवढा राहून गेला. तो मी करून देतो, फी नको. पीएचच्या मोजपट्टीची खोड अशी की एक आकडा खाली गेलं की आम्लता दहापट वाढते. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा पीएच ५.५ ते ९ या दरम्यान हवा, असं कायद्याचं मानक आहे. आपल्या टँकरचा पीएच १ धरू. यात मी आपल्याला झुकतं माप देतोय; वीस टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड असेल तर तो शून्याच्याही खाली असतो. तरी १ धरू. तिथून ५.५ पर्यंत नुसत्या शुद्ध पाण्याने पोहोचायचं तर एका लिटरमागे सुमारे ३१,६०० लिटर पाणी ओतावं लागेल. टँकर २० हजार लिटरचा असेल तर ६३ कोटी लिटर. मे महिन्यात आमच्या वालधुनी नदीत वाहतं त्यातलं बरंचसं आमच्याच मोऱ्यांचं असतं; ६३ कोटी लिटर ती बिचारी कुठून आणणार? नाल्याच्या पाण्यात मुळातच विरघळलेले क्षार थोडं आम्ल मारतात, हे कबूल. म्हणजे जे काम आपल्या कारखान्याने करायचं, ते नाला आपल्या कुवतीप्रमाणे फुकट करतो. त्याला निदान दिवाळीला बोनस तरी द्या.

बाकीचं आम्ल काय करतं? नाल्याच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला काळा गाळ असतो, त्यात सल्फाइडं असतात. त्यावर आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. वास येतोय तोवर एक वेळ बरं. या वायूचं प्रमाण हवेत दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाची संवेदनाच मरते. वास गेला म्हणजे धोका टळला असं माणसाला वाटतं, आणि नेमकं त्याच वेळी तो सर्वांत जवळ आलेला असतो. अशात वायू दाटून साचलेल्या गटाराच्या चेंबरमध्ये कुणी उतरला तर दोन-चार श्वासांत खेळ आटोपतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३च्या कायद्याने बंद आहे हे आपल्याला आणि मला माहीत आहे. जे उतरतात त्यांना आदल्या रात्री तिथे कोणाचा टँकर येऊन गेला हे मात्र कुणी सांगत नाही.

तो वायू थोडा असला तरी आपली सही करून जातो. नाल्याकाठच्या घरात चांदीचे पैंजण काळे पडतात, देव्हाऱ्यातलं निरांजन काळं पडतं. बाई रांगोळीने घासते, पुन्हा पडतं. प्रदूषण मोजायची यंत्रं कधी बंद असतात, कधी दुरुस्तीला गेलेली असतात. पैंजण चोवीस तास चालू असतात.

आपल्या कर्तबगारीच्या मोठ्या नोंदीही आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत असंच रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना श्वास लागून, उलट्या होऊन रुग्णालयात जावं लागलं. जानेवारी २०२२ मध्ये सुरतेजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन नाल्यात सोडताना वायू सुटला आणि सहा जण मेले. पुन्हा वालधुनीकडे वळू. तिच्याच काठी, थोडं वर, अंबरनाथचं शिवमंदिर उभं आहे. शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं, शिलाहारांच्या काळातलं. ते बांधणाऱ्यांनी नदीकाठची जागा मुद्दाम निवडली असणार. तेव्हा आपण नव्हता ना.

गटाराच्या पाइपांचंही सांगायला हवं, कारण तो खर्च आमच्या घरपट्टीतून जातो. सिमेंटला बांधून ठेवतो तो चुन्याचा अंश. सल्फ्युरिक अ‍ॅसिड त्याचं जिप्सम करतं, जिप्सम फुगतं, सिमेंट भुसभुशीत होऊन गळून पडतं. मग रस्ता खचतो, आणि आम्ही नगरसेवकाला शिव्या घालतो. आपल्याला मनातल्या मनात हसू येत असेल. माशांबद्दल काही म्हणत नाही, कारण ते तक्रार करायला उरलेच नाहीत. आम्लाने मातीतलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरतं आणि कल्ल्यांवर बसतं, एवढं फक्त माहितीसाठी.

आपल्याच शेडमधल्या कामगारांना विसरू नका. आम्लाच्या वाफेत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचे पुढचे दात झिजतात, कारण दाताचं वरचं कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. बघा, सांडपाण्याच्या मानकाची खालची हद्दही तीच. शिवाय सल्फ्युरिक अ‍ॅसिड असलेल्या तीव्र आम्लांच्या तुषारांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात बसवलं आहे. आपण केबिनमध्ये बसता ते उत्तमच करता.

आता जरा खासगी विचारतो. आपल्याला अ‍ॅसिडिटी होते ना? होतच असणार, एवढी जबाबदारी, त्यात रात्रीची जेवणं. चमचाभर आम्ल जठरातून अन्ननलिकेत चढलं की आपण उशी उंच करून उठून बसता, छातीवर हात फिरवता, उशाशी ठेवलेली गुलाबी बाटली तोंडाला लावता. त्या बाटलीत असतं मॅग्नेशियम नि अ‍ॅल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड. आम्ल अधिक अल्कली, बरोबर क्षार आणि पाणी. सातवीचं विज्ञान. म्हणजे आम्ल जागा सोडून गेलं की काय होतं आणि त्यावर इलाज काय, हे आपल्याला व्यवस्थित ठाऊक आहे. फक्त अन्ननलिका आपली असावी लागते.

जठरातलं ते आम्ल हायड्रोक्लोरिक आहे, हे लंडनच्या विल्यम प्राउट नावाच्या डॉक्टरने १८२३ साली दाखवलं. पीएच दीड-दोन, आपल्या टँकरच्या जवळपासचाच म्हणा. रोज दीड-दोन लिटर जठररस तयार होतो आणि तरीही आपण जिवंत आहोत, कारण जठराला आतून श्लेष्म्याचं नि बायकार्बोनेटचं अस्तर आहे, आणि पुढच्या आतड्यात माल सोडताच स्वादुपिंड त्यावर बायकार्बोनेट ओतून तो शमवून घेतं. प्रक्रिया केल्याशिवाय पुढे काही जात नाही. थोडक्यात, आपल्या पोटात निसर्गाने एक ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, बसवून दिला आहे. तो रात्रीचा बंद ठेवून वीजबिल वाचवण्याची आयडिया अजून कुठल्याही स्वादुपिंडाला सुचलेली नाही. कारखान्यातला ईटीपी मात्र तपासणी अधिकारी येण्याच्या दिवशी काय झोकात चालतो!

बरं, इलाज महाग आहे म्हणावं तर तेही नाही. वीस टन मालात वीस टक्के आम्ल धरलं तर शुद्ध आम्ल भरतं चार टन. ते मारायला चुनकळी विरवून केलेला तीन टन चुना पुरतो. त्यातून सुमारे सात टन जिप्सम निघतं. ते गाळून, वाळवून, घातक निघालं तर घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायचं. उरलेल्या पाण्यातली सेंद्रिय घाण वेगळी काढावी लागते. ती किचकट आहे, मान्य. आम्ल बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर परवानगी घेऊन ते दुसऱ्या कारखान्याला कच्चा माल म्हणून देता येतं. २०१६च्या घातक कचरा नियमांत तशी सोय आहे. वाचवलंत ते एवढंच. चुना आम्लाला लावायचा होता, आपण तो आम्हाला लावलात.

आपल्याला वाटेल, हा जाच आमच्याच नशिबी. तर नाही. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात लँकेशायरच्या सोडा कारखान्यांच्या धुराड्यांतून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे लोट निघत. झाडं जळत, शेतकरी कोर्टात जात. विल्यम गॉसेज या कारखानदारानेच १८३६ साली तो वायू पाण्यात धरणारा मनोरा काढला. मग आपल्या त्या पूर्वजांनी काय केलं? हवेतून काढलेलं आम्ल नदीत सोडून दिलं! वाचताना मला आपली फार आठवण आली. पुढे १८६३च्या अल्कली कायद्याने ९५ टक्के आम्ल धरणं सक्तीचं केलं, आणि पहिले निरीक्षक म्हणून रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनतज्ज्ञ नेमले. ‘आम्लवर्षा’ हा शब्दप्रयोग चलनात आणणारं १८७२चं पुस्तक त्यांचंच. गंमत पुढे आहे. धरून ठेवलेल्या त्याच आम्लापासून क्लोरिन आणि क्लोरिनपासून विरंजक भुकटी करून विकता येते, हे कळल्यावर आधी ते नदीत सोडणाऱ्या कारखानदारांनीच त्यातून चांगले पैसे केले.

आपल्याकडे कायदे कमी नाहीत. घातक मालाच्या प्रत्येक खेपेसोबत मॅनिफेस्ट असतं, सात रंगांच्या सात प्रतींत: पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी, करडी. कागदावरचा टँकर योग्य ठिकाणी पोहोचतो, पोहोच मिळते, शिक्का बसतो. खरा टँकर पुलावर असतो. आणि आपल्यासाठी खुशखबर आहेच. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती. १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आला आहे. तो दंडही भरला नाही तरच तुरुंगाचा विषय. पंधरा लाख म्हणजे किती खेपा, हा हिशेब मी करत बसत नाही. तो आपण केव्हाच केला असेल.

कळावे. लोभ नसावाच.

आपला,
नाल्याकाठचा एक घरपट्टीदार

ता. क. हे पत्र इसमाच्या हाती पडो न पडो, बाकीच्यांनी एवढं करावं. रात्री नाल्यावर दिवे बंद केलेला टँकर दिसला तर लांबूनच नंबर टिपा, फोटो घ्या, ११२ला फोन करा आणि दुसऱ्या दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोहोच घ्या. तक्रारीत टँकर ‘कुणाच्या गेटमधून निघाला ते शोधावे’ हे वाक्य न विसरता लिहा. वास आला तर नाल्यापासून दूर, वाऱ्याला आडव्या दिशेने सरका, पोरांना आणि म्हाताऱ्यांना आधी हलवा. आणि चेंबरमध्ये कुणी पडलेलं दिसलं तर त्याला काढायला मागोमाग उतरू नका. १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा.